मायनसचं घासलेलं बटण

या सदरातले अनुभव मी चहा पिताना वाचतो आणि खरं सांगू, बऱ्याचदा हसतो. माझा विश्वास मल्टीमीटरवर. वायरमध्ये करंट असेल तर काटा हलतो, नसेल तर नाही. भूत काय, देव काय, माझ्या धंद्यात सगळ्याची परीक्षा दोन प्रोब लावून होते. गेली सोळा वर्षं मी पवनीत कार डेकोरचं दुकान चालवतो. सीट कव्हर, रिव्हर्स कॅमेरा, आणि मुख्य म्हणजे म्युझिक सिस्टीम. तालुक्यातल्या निम्म्या गाड्यांचे डॅशबोर्ड मी उघडलेले आहेत... त्यामुळे पुढे जे लिहितोय ते लिहिताना मलाच लाज वाटते आहे. पण लिहून टाकतो. तुमच्यापैकी कुणी इलेक्ट्रॉनिक्सवालं असेल तर कृपा करून कारण सांगा.

आधी थोडं घरातलं सांगावं लागेल, नाहीतर कळणार नाही.

माझं लग्न उशिरा झालं. बायकोचं नाव वनिता, तिचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा कोंढ्याचा, शाळेत शिक्षक. गावात सगळे त्याला गुरुजी म्हणत. एक दिवस शाळेतून आला, छातीत दुखतंय म्हणाला आणि संपला. मूलबाळ नव्हतं. दोन वर्षांनी दोन्हीकडच्या नातेवाइकांनी जुळवून आमचं लग्न लावलं. वनिता आली ती एक शिलाई मशीन, दोन पेट्या आणि गुरुजीची गाडी घेऊन. चांदी रंगाची जुनी सेडान. तिला गाडी चालवता येत नाही, पण विकू दिली नाही. मग चालवणार कोण? मी.

आता स्पष्टच लिहितो. मी त्या माणसावर जळायचो. जिवंत माणसावर जळलं तर निदान त्याच्याशी भांडता येतं. हा तर फोटोत बसून हसणारा. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. त्याने कधी आवाज चढवला नाही, त्याला कारल्याची भाजी आवडायची, तो दर रविवारी आईला भेटायला जायचा... वनिता हे मुद्दाम सांगायची नाही, बोलता बोलता निघायचं. नाव घ्यायची नाही, नुसतं ‘ते’ म्हणायची. ‘ते असं करत.’ मी समोर बसलेला ‘तुमी’, आणि तो नसलेला ‘ते’. मला त्या एका अक्षराचाही राग यायचा.

त्यात दर रविवारी कोंढ्याला जाणं. गुरुजीची आई तिथे एकटी राहते. वनिता तिला अजून आईच म्हणते आणि म्हातारी मला चक्क जवाई म्हणते. सुनेच्या नवऱ्याला जवाई! पवनी ते कोंढा रस्ता फार नाही, पण त्या वीस-पंचवीस मिनिटांत मी गाणी मोठ्याने लावून ठेवायचो. गाणी ऐकायची म्हणून नाही. वनिताच्या मनात काय आहे हे मला ठाऊक होतं, ते तिने बोलू नये म्हणून. पावसाळ्यात म्हातारी अंगणात घसरून पडली होती, एका डोळ्याला दिसत नव्हतं, आणि वनिताला तिला आमच्या घरी आणायचं होतं. गाडी त्याची, बायको त्याची, आता आईपण त्याचीच माझ्या घरात? मी आवाज वाढवायचो.

“अजी, आयकता का जी?” ती म्हणायची.

मी “हूं” म्हणायचो. बोडी मागे जायची, कोंढा यायचं, विषय राहून जायचा. बोडी म्हणजे आमच्याकडे लहान तलाव. कोंढ्याच्या अलीकडे रस्त्याला लागूनच एक आहे. ती लक्षात ठेवा.

दिवाळीनंतर गाडीचा कंपनीचा सेट बिघडला. डिस्प्ले गेला आणि आत गुरुजीची एक सीडी अडकून बसली. मला मनातून बरं वाटलं. दुकानात नऊ इंची अँड्रॉइड सेट पडला होता, तोच लावायचं ठरवलं. एका शनिवारी दुपारी गाडी दुकानासमोर लावली. वनिता शेजारच्या सीटवर पालकाची जुडी निवडत बसली होती.

“नवीन लावा,” ती म्हणाली, “पण स्टेरिंगवरची बटणं चालू रायली पाह्यजेत हं.”

“काहून? स्क्रीनवर सगळं आहे न.”

“असू द्या. बटणं पाह्यजेत मले.”

मी स्टेअरिंगकडे बघितलं. तीन वर्षं ती गाडी चालवत होतो, पण त्या बटणांना मी कधी हात लावला नव्हता. आवाज वाढवायला सेटचं गोल बटण वापरायचो. का, तर डाव्या हाताचं मायनसचं बटण इतकं घासलेलं होतं की त्यावरची रेघच पुसली गेली होती. रबर गुळगुळीत, मधे अंगठ्याएवढा खोलगट भाग. तिथे अंगठा ठेवणं म्हणजे मला दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखं वाटायचं.

आणि गंमत बघा. प्लसचं बटण अगदी नवं कोरं. मी शेकडो स्टेअरिंग बघितलेत, लोकांचं प्लस घासतं. या माणसाने आवाज फक्त कमीच केला होता आणि वाढवला कधीच नव्हता. असं कसं होईल? मी वनिताला विचारलं तर ती पालक निवडता निवडता हसली. “ते कमी करत, वाढवत मी होती. हे गोल बटण होतं न, त्यानं.” बस्स. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... बाहेरचा सेट लावताना स्टेअरिंगची बटणं आपोआप चालत नाहीत. स्टेअरिंगकडून येणाऱ्या बारीक वायर नव्या सेटच्या ‘की’ म्हणजे बटणांसाठीच्या वायरींना जोडाव्या लागतात. मग सेटिंगमध्ये जाऊन सेटला शिकवायचं की हे बटण म्हणजे आवाज वाढव, हे म्हणजे कमी कर. एक बटण दाबायचं, एक चित्र निवडायचं. दहा मिनिटांचं काम. या गाडीत तर फारच सोपं होतं.

मी त्या वायर जोडल्या नाहीत. मुद्दाम. दोन्हीकडची टोकं वेगवेगळी काळ्या टेपने गुंडाळली, सेटच्या मागे खोचली आणि वनिताला सांगितलं, “या सेटवर नाही चालत तुह्यी बटणं. कंपनीचा वेगळा बॉक्स लागते, तो मिळत नाही.”

ती पालकाच्या काड्या पदरात गोळा करून उतरली. सोळा वर्षांत मी गिऱ्हाइकाला पार्ट जुना लावून नवा सांगितला नाही, आणि बायकोशी खोटं बोललो. तेव्हा मात्र मला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. अकराच्या सुमाराला निघालो. लख्ख ऊन, दोन्ही बाजूंच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातशेतांत, धान कापून पसरलेलं. मी आवाज बावीसवर ठेवला होता. बोडी आली. पाण्यात दोन माणसं जाळं ओढत होती, ते बघत होतो, तेवढ्यात वनिता म्हणाली, “अजी, आयकता का जी?”

आणि स्क्रीनवर आवाजाची पट्टी आली. बावीस, एकवीस, वीस... एकेक आकडा, जसं कुणी बटण टकटक दाबतंय. चारपर्यंत उतरली आणि थांबली.

माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर, घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाल्यासारखे. अंगठे वर. वनिताचे हात मांडीवरच्या पिशवीवर. गाडीत तिसरं कुणी नाही.

वनिता वळून माझ्याकडे बघत होती. तीन वर्षांत तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. “चालते न बटण,” ती म्हणाली. “तुमी तं म्हणत होते नाई चालत. रातीच केलं का?”

मंडळी, त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “हो... केलं काहीतरी.”

मग ती बोलली. सलग, कोंढा येईपर्यंत. आई चुलीशी बसते तर पदर कुठे जातो ते दिसत नाही. शेजारीण दोन वेळा बघून जाते पण तिची लेक बाळंतपणाला आलीय. “मी काई जबरदस्ती नाई करून राहिली. फक्त तुमी आयकून घ्या, मंग नाई म्हणा.” मी ऐकलं, कारण गाण्याचा आवाज चारवर होता. ‘बघू’ म्हणालो. म्हातारीने नेहमीसारखं “या जवाई” म्हटलं आणि चहात साखर समजून मीठ घातलं. तिघांनीही तो चहा मुकाट्याने प्यायला.

सोमवारी मी दुकान उघडून पहिलं काम ते केलं. आमच्या धंद्यात ‘घोस्ट टच’ असा शब्द खरंच आहे, हसू नका. उन्हाने किंवा ओलीने स्क्रीन बिघडते आणि बोट न लावता आपोआप दाबली जाते. मला वाटलं तेच. सेट बाहेर काढला. टेप जशीच्या तशी. मी टेपचं टोक नेहमी दुमडून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी नखाने सोडवायला सोपं जातं. ती दुमडसुद्धा हललेली नव्हती. तरी मीटर लावला. स्टेअरिंगची वायर आणि सेटची वायर यांच्यात काहीही जोड नाही. बोलण्यावर चालतो म्हणावं तर बाहेरचा माइक मी लावलेलाच नव्हता, आणि सेटच्या आतला माइक सेटिंगमधून बंद होता.

तो सेट काढून दुसरा लावला, वेगळ्या कंपनीचा. या वेळीही वायर मोकळ्या.

बुधवारी वनिताला बाजारातून आणताना, भर दुपारी, एसटी स्टँडच्या गर्दीत, तिने मागून येणारी सायकल दाखवायला म्हटलं, “आयकता का जी?” आवाज उतरला. अठरापासून चारपर्यंत.

मी एकटा गाडीत बसून तेच शब्द दहा वेळा म्हटले. काही नाही. मोबाइलवर तिचा आवाज चोरून रेकॉर्ड करून गाडीत वाजवला... हो, इतका खाली गेलो होतो मी. काही नाही. गाडी उभी असताना तिला बोलायला लावलं, तरी काही नाही. मी गाडी चालवत असताना, तिने, माझ्याशी बोलायला, ते शब्द म्हटले तरच. आठवडाभरात पाच वेळा झालं. मला भीती वाटत होती म्हणाल तर तेवढी नाही. मला राग येत होता. मेला तरी हा माणूस माझ्या आधी तिचं ऐकतो!

आणि त्याहून वाईट म्हणजे शाबासकी मला मिळत होती. वनिता घरात गुणगुणायला लागली होती. रात्रीच्या जेवणात माझ्या आवडीची वांग्याची भाजी. शेजारणीला सांगत होती, “आमच्या यायनं गाडीत कायतरी केलं बाप्पा, मी बोलली का गाणं आपोआप कमी होते.” ‘आमच्या यायनं.’ म्हणजे मी. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळालं होतं, पण ज्या कामासाठी मिळालं ते काम माझं नव्हतं. वांग्याचा घास तोंडात फिरायचा.

पुढच्या रविवारी निघायच्या आधी मी तिला गाडीत बसवलं, गाडी अंगणातच उभी. डॅशबोर्डची पट्टी काढली, सेट पुढे ओढला आणि टेप गुंडाळलेली टोकं तिच्या तळहातावर ठेवली.

“हे काय हाय?”

“तुह्या बटणांच्या वायरी. मी जोडल्याच नाहीत. मुद्दाम. बॉक्सबिक्स काही लागत नाही.”

तिने टेपवर बोट फिरवलं. “मंग आवाज कोण कमी करून राह्यलं?”

“मले नाही माहीत. मी नाही.”

मला वाटलं ती रडेल, किंवा त्याचं नाव घेईल. मी त्यासाठी तयार होतो. तिने वायर हळूच परत ठेवल्या आणि विचारलं, “काहून नाई जोडल्या?”

सांगितलं. सगळं सांगितलं. त्या बटणावर त्याचा अंगठा आहे, तुला तो अंगठा सांभाळून ठेवायचाय, मला ते बघवत नाही. बोलताना माझा आवाज चढला, उतरला, मला आठवत नाही. ती पूर्ण ऐकून घेत होती. मग म्हणाली, “मले गाडी चालवता येते का?”

“नाही.”

“माहा हात पोचते का त्या बटणाले?”

“नाही.”

“गाडी कोण चालवते?”

“मी.”

“मंग बटणं मी कोणासाठी मांगली?”

सोळा वर्षं स्टेअरिंग कंट्रोल बसवतोय मी. ते कुणासाठी असतात? चालवणाऱ्यासाठी. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

“त्यायच्यासाठी कायले मांगू? ते तं गेले,” ती म्हणाली. “मले वाटलं, नवीन सेटले गोल बटण नाई, तुमाले स्क्रीनपर्यंत हात न्या लागन, मंग तुमी कंटाळा करान. अंगठ्याजवळ असन तं कमी करान. तीन वर्ष झाले मी इचारून राहिली, आयकता का जी, आयकता का जी... तुमाले वाटलं मी हाक मारून राहिली.”

खरंच मला तसंच वाटत होतं. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, असंच काहीतरी म्हणून बोलावते. माझी आईही वडिलांना तेच म्हणायची, आणि वडीलही ‘हूं’ म्हणायचे. तो प्रश्न आहे आणि त्याला उत्तर द्यायचं असतं हे आमच्या घराण्यात कुणाला माहीत नव्हतं.

मी टेप सोडवली. दुमडलेल्या टोकाला नख लावलं, निघाली. वायर सोलून जोडल्या, सेट चालू केला, शिकवायचा स्क्रीन उघडला. ‘बटण दाबून धरा’ असं आलं. मी पहिल्यांदा त्या खोलगट जागेवर अंगठा ठेवला. बरोबर बसला, याचंही मला थोडं वाईट वाटलं. आवाज कमी करण्याचं चित्र निवडलं, जतन केलं. बाकीची बटणं शिकवायला पाच मिनिटं लागली. वनिता बघत होती.

“आता आईले आणायचं का?” ती म्हणाली.

“बसायला मागची सीट साफ कर,” मी म्हणालो. “बिया सांडल्यात पालकाच्या.”

पालकाला बिया कुठून असणार. पण तिने उगाच झटकली सीट.

म्हातारीचं सामान म्हणजे एक पेटी, एक गोधडी आणि देवघरातली पितळी घंटी. ती मागे बसली. हाताने सीट चाचपली आणि म्हणाली, “महेशची गाडी न हे?” तीन वर्षांत गुरुजीचं नाव माझ्यासमोर कुणी पहिल्यांदाच घेतलं होतं. मी म्हणालो, “हो आई, त्याचीच.” आई हा शब्द कसा निघाला मला कळलं नाही.

परत येताना मी मुद्दाम गाणं लावलं, आवाज वीसवर. अंगठा मायनसच्या वर, अर्धा इंच दूर. आता वायर जोडलेल्या आहेत, आता खेळ माझा, अशी माझी तयारी. बोडी आली. आज जाळंवाले नव्हते, नुसतं पाणी चमकत होतं.

“अजी, आयकता का जी?”

मी अंगठा टेकवला. टेकवला म्हणतोय, दाबला नाही अजून... आणि आकडा वीसवरून एकोणीस झालेला होता. मग अठरा. मग मी दाबलं, आणि पुढचे सगळे आकडे माझे. पण पहिले दोन नाहीत. हे मी मीटरवर हात ठेवून सांगतो.

मागून म्हातारी म्हणाली, “बोल न वो बाई. आयकून राह्यले ते.”

ते म्हणजे कोण, हे मी तिला विचारलं नाही. आदराने बोलताना माझ्यासाठीही ‘ते’च येणार, आणि त्याच्यासाठीही.

याला सहा महिने झाले. म्हातारीच्या डोळ्याचं ऑपरेशन भंडाऱ्याला झालं, आता तीच पालक निवडते. सेट मी नंतर पुन्हा दोनदा उघडून तपासला. वायर, मीटर, सेटिंग सगळं ठीक, पुस्तकात दाखवतात तसं. कारण मला अजून सापडलेलं नाही, आणि सापडेल असं वाटतही नाही. जळणं संपलं म्हणालो तर ते खोटं होईल. गाडीत बसलो की डावा अंगठा मी आधीच मायनसवर नेऊन ठेवतो आणि वनिताच्या तोंडाकडे एक डोळा ठेवतो. तिने श्वास घेतला की दाबतो. बहुतेक वेळा मीच आधी पोचतो.

बहुतेक वेळा.